पालथा ठेवलेला फोन

डायलिसिसच्या हॉलबाहेर, खिडकीला लागून एक लाकडी कपाट होतं. साठ खणांचं. प्रत्येक खणावर पितळी नंबर, आत तळाला मऊ फडक्याची घडी आणि समोर स्टुलावर बसलेल्या फोनमावशी. आत जाणाऱ्याने फोन मावशींच्या हाती द्यायचा, नंबराचा बिल्ला घ्यायचा आणि रिकाम्या हातांनी आत जायचं. पेशंट असो, सोबतचं माणूस असो की कुणी बडी असामी, मावशींच्या स्टुलापुढे सगळे सारखे.

मावशी फोन घ्यायच्या, त्याचा आवाज बंद करून घ्यायच्या आणि खणात पालथा ठेवायच्या. "झोपवला बघा," म्हणायच्या. कुणाच्याही फोनच्या तोंडाकडे बघायचं नाही, हा त्यांचा नेम. पहाटे उठून देवाचं नाव घेतल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणाऱ्या बाई त्या. नेम म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

नेमाला कारणही होतं. गुडघ्यांनी असहकार पुकारण्याआधी मावशी याच हॉलमध्ये वीस वर्षं आया होत्या. तेव्हा एका शाळेतल्या बाईंना मशीनवर असताना उलट्या सुरू झाल्या. कपड्यांचं भान राहिलं नाही. मावशी त्यांना सावरत होत्या आणि शेजारच्या बेडच्या नातेवाइकाने गंमत म्हणून ते सगळं फोनमध्ये टिपलं. संध्याकाळपर्यंत बाईंच्या वर्गातल्या मुलांनी ते पाहिलं. पुढच्या पाळीला बाई आल्याच नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. मोठ्या सिस्टर आणि मावशी त्यांच्या घरी गेल्या आणि हातापाया पडून त्यांना घेऊन आल्या. त्यानंतर हॉलमध्ये फोन बंद झाले, आणि मावशींना वाटलं, देवाने आपल्याला या स्टुलावर उगाच नाही बसवलं.

त्या दिवशी सकाळी सात वाजता घड्याळजी आणि त्यांची बायको आली.

घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. वय बावन्न, अंगावर मांस नावापुरतं, पण जीभ तरतरीत. आल्या आल्या त्यांनी कपाटावरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून कपाळावर हात मारला.

"मावशी, सात मिनिटं मागे. गेल्या आठवड्यात सहा होतं. असंच चाललं तर तुमचा दवाखाना गेल्या वर्षात जाऊन पोचेल."

"मग लावा ना नीट. स्टूल देते."

"लावलं असतं. पण अर्ज द्या म्हणतात. अर्जावर शिक्का, शिक्क्यावर सही. तोवर ते आणखी दोन मिनिटं मागे."

"पण आज कसे तुम्ही?" मावशींनी विचारलं. "तुमची पाळी उद्याची ना?"

"ड्रायव्हरसाहेबांशी अदलाबदल केली. उद्याची त्यांना, आजची मला. त्यांच्या नातीचा आज शाळेत नाच आहे. नात झाड झालीय म्हणे. झाड नाचतं कसं, ते बघायला गेलेत."

"वर लिहवून घेतलंत का?"

"तोंडी सांगितलंय हो. आपलं घरचंच आहे."

ही त्या हॉलची जुनी रीत होती. वर्षानुवर्षं शेजारी शेजारी पडून राहणारी माणसं एकमेकांना पाळी उसनी द्यायची. मशीनवरच्या मुलाला सांगितलं की झालं. कागदावर कुणी जायचं नाही.

बायकोने पदराला हात पुसून फोन पुढे केला. "एकच आहे आज. माझा बादलीत पडला परवा. तांदळाच्या डब्यात ठेवलाय सुकायला." मग जरा घुटमळून म्हणाली, "मावशी, हा जरा समोर ठेवाल का? कधीही फोन येईल म्हणतात वरच्या मॅडम. चार वर्षं झाली किडनीच्या यादीत नाव घालून. आता नंबर पुष्कळ वर आलाय."

मावशी हसल्या. "वहिनी, सगळेच कशाची ना कशाची वाट बघत असतात. इथे काळजी करू नका. तुमचा फोन कुठे जात नाही."

आणि त्यांनी तो सतरा नंबरच्या खणात पालथा झोपवला.

*

खिडकीतून ऊन आत सरकलं. चहाची गाडी आली, गेली. दहाच्या सुमाराला सतरा नंबरचा फोन थरथरला.

मावशींनी लक्ष दिलं नाही. दिवसाकाठी शंभर फोन थरथरतात. कुणाची किल्ली सापडत नसते, कुणाला कर्ज घ्या म्हणून गळ घालायची असते. मावशी मनातल्या मनात नाव घेत होत्या. फोन थांबला. नाव पुढे चालू.

फोन पुन्हा थरथरला. थांबला. पुन्हा.

पाचव्या वेळी मावशींची मोजणी चुकली. सातव्या वेळी त्यांनी मान वळवली. फडक्यावरूनही फोन इंच इंच सरकत खणाच्या कडेशी आला होता. त्यांनी बोटाने तो आत ढकलला. पालथाच.

"दुसऱ्याचं आहे," त्या स्वतःशी पुटपुटल्या. "आपलं काम सांभाळायचं. बघायचं नाही."

पण त्यांच्या कानांना आता चैन पडेना. वीस वर्षं त्यांनी पेशंटच्या बेडजवळच्या घंटा ऐकल्या होत्या. चिडलेला माणूस घंटेवर बोट दाबून धरतो, लांबलचक वाजवतो आणि कंटाळून सोडून देतो. खरोखर अडलेला माणूस तसं करत नाही. तो वाजवतो, थांबतो, कुणी येतंय का याचा अंदाज घेतो आणि पुन्हा वाजवतो. न चिडता, न थकता. सतरा नंबरच्या खणातला फोन तसा वाजत होता.

बाराव्या वेळी मावशींचं नाव घेणंच थांबलं.

'चार वर्षं,' वहिनी म्हणाल्या होत्या.

"देवा, माफ कर," असं म्हणून मावशींनी सतरा नंबरचा फोन उचलला आणि उलटा केला.

नेमका तेव्हाच तो थांबला. पण काचेवर अक्षरं उमटलेली होती. 'किडनीवाल्या मॅडम. बारा कॉल.' आणि त्याखाली एक निरोप. मावशींनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.

'तुमच्यासाठी किडनी उपलब्ध आहे. फोन उचला. अकरापर्यंत उत्तर आलं नाही तर पुढच्या नावाला कळवावं लागेल.'

 मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा एक्केचाळीस. एकोणीस मिनिटं आहेत, पुष्कळ झाली, असं मनात येतंय तोच फोनच्या कोपऱ्यातले आकडे दिसले. दहा अठ्ठेचाळीस.

सात मिनिटं! त्या मेल्या घड्याळाने सात मिनिटं गिळली होती.

"वाज रे बाबा," मावशी फोनला म्हणाल्या. "आता वाज. उचलते मी. बोलते मी."

पन्नास मिनिटं न थकता थरथरलेला फोन आता दगडासारखा गप्प. मावशींनी काचेवर बोट फिरवलं, तर त्याने कुलूप दाखवलं आणि अंगठा मागितला. अंगठा होता आत, बेड नंबर सहावर.

मावशी उठल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बाकीचे सगळे फोन रामभरोसे टाकले आणि एक फोन हातात घेऊन, ज्या दारातून त्यांनी एकही फोन आत जाऊ दिला नव्हता, त्याच दारातून त्या आत शिरल्या.

*

"मावशी!" मोठ्या सिस्टरांचा आवाज आला. या बाईंचा आवाज कधी चढायचा नाही, म्हणून तर तो जास्त लागायचा. "हातात काय आहे?"

"फोन आहे, सिस्टर."

"ते मला दिसतंय. तुम्ही? आणि फोन घेऊन आत?"

"मागाहून हवं ते बोला, सिस्टर. मान खाली घालून ऐकून घेईन. घड्याळजींची किडनी आलीय. बारा मिनिटं उरलीत."

 सिस्टर बाजूला झाल्या.

घड्याळजी डोळे मिटून पडले होते. उजव्या हातात दोन जाड सुया, नळ्यांतून रक्त मशीनमध्ये जाऊन परत येत होतं. शेजारचं स्टूल रिकामं होतं.

"वहिनी कुठायत?"

"खाली. इंजेक्शन आणायला." त्यांनी डोळे उघडले आणि मावशींच्या हातातला फोन पाहिला. "अरेच्चा! सूर्य कुठून उगवलाय आज? मावशी, माझ्या डोळ्यांवर परिणाम झाला की तुमच्या डोक्यावर?"

"थट्टा नको. हे वाचा."

त्यांनी वाचलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. त्यांनी झटकन उठायला हात उचलला आणि मशीनने कर्कश किंकाळी फोडली.

"हात हलवू नका!" सिस्टर धावल्या. नळी सरळ केली. मशीन गप्प झालं.

"अंगठा उजवा लागतो त्याला," घड्याळजी कुजबुजले. मावशींनी वाकून फोनच त्यांच्या अंगठ्यापाशी नेला. एकदा नाही जमलं. दोनदा नाही जमलं. अंगठा घामेजला होता. मावशींनी तो पदराने पुसला आणि तिसऱ्यांदा टेकवला. कुलूप उघडलं. नंबर लावला.

फोन मुका. वरच्या कोपऱ्यात रेंजची एकही काडी नाही. ज्या जाड भिंतींच्या आत दोन वर्षं फोनच आला नव्हता, तिथे रेंज मिळते की नाही हे कुणाला ठाऊक असणार?  खिडकीपाशी होता तोवर निदान लागत तरी होता. मावशी स्वतःच्या हातांनी त्याला या विहिरीत घेऊन आल्या होत्या.

"आतल्या फोनवरून लावते," असं म्हणून सिस्टर टेबलाकडे गेल्या. दवाखान्यातल्या दवाखान्यात बोलायचा जुना फोन होता तिथे. त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमचा नंबर फिरवला. टूं टूं टूं. बिझी. पुन्हा फिरवला. बिझी.

"लागणार कसा?" सिस्टर म्हणाल्या. "त्या तिथून यांनाच लावत बसल्या असतील!"

तेवढ्यात दहा नंबरच्या बेडवरच्या आजींनी मान टाकली. "प्रेशर पडतंय!" कुणीतरी ओरडलं. ड्यूटीवरचे छोटे डॉक्टर तिकडे पळाले, हातातला फोन टाकून सिस्टर तिकडे गेल्या, दोन नर्सेस सलाइन घेऊन तिकडे धावल्या. क्षणात सगळा हॉल दहा नंबरच्या बेडभोवती गोळा झाला.

सहा नंबरच्या बेडपाशी उरल्या फक्त मावशी.

"मी जाते वर," मावशी म्हणाल्या. "काय सांगू?"

घड्याळजींनी दाराकडे पाहिलं. चार वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो आला होता.

"ती येऊ दे ना," ते लहान मुलासारखे म्हणाले. "तिला विचारतो एकदा."

"अहो, काय विचारायचंय आता?"

"भीती वाटते हो मावशी. इथे निदान सवय झालीय."

मावशींनी आपला हात त्यांच्या कपाळावर ठेवला. ताप बघायला आया ठेवते तसा. "भीती तिला सांगा, मागाहून. मला हो किंवा नाही सांगा. जे सांगाल तेच वर बोलेन."

मशीनचं चाक फिरत होतं. घड्याळजींनी डोळे मिटले.

"हो सांगा," ते म्हणाले. "माझं हो. तिचं तर केव्हापासूनच हो आहे."

*

लिफ्टमध्ये एक बेड अर्धा आत, अर्धा बाहेर अडकला होता आणि दोन वॉर्डबॉय एकमेकांना शहाणपण शिकवत होते. "तू आधी खेच." "मी कशाला, तूच वाकडा घातलास!" मावशी थांबल्याच नाहीत. त्या जिन्याकडे वळल्या.

पहिल्या मजल्यावरून तिसऱ्यावर. चव्वेचाळीस पायऱ्या. आया असताना हा जिना त्यांनी दिवसातून वीसदा चढलेला, पण गुडघे गेल्यापासून त्याला पाय लावला नव्हता. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात फोन. पहिल्या दहा पायऱ्या रागावर गेल्या. तो राग होता स्वतःवरचा. पुढच्या दहा भीतीवर. मग दम संपला. एरवी त्या देवाचं नाव कसं शांत, सुपारी कातरावी तसं सावकाश घ्यायच्या. आज एकेका पायरीला ओरबाडून घेत होत्या. "जाऊ देऊ नकोस. त्यांचं जाऊ देऊ नकोस. माझ्या हातून जाऊ देऊ नकोस."

मधल्या वळणावर कुणीतरी म्हणालं, "आजी, बसा जरा."

"तूच बस!" मावशी म्हणाल्या, आणि आयुष्यात कुणाला असं बोलल्या नव्हत्या म्हणून चार पायऱ्या वर जाऊन, मागे न बघता म्हणाल्या, "माफ कर हं बाळ."

दुसऱ्या मजल्यापासून फोनच्या कोपऱ्यात रेंजच्या काड्या दिसू लागल्या होत्या. पण कुलूप पुन्हा लागलं होतं. दहा अठ्ठावन्न.

तिसरा मजला. लांब बोळ. सगळी दारं सारखी. मावशींनी पहिलं दार उघडलं, आत माणसं क्ष-किरणांचे फोटो बघत होती. दुसरं बंद. तिसऱ्या दाराच्या काचेतून टेबलामागे बसलेली एक तरुण बाई दिसली. कानाला फोन, समोर यादी, हातात लाल पेन आणि पेनाचं टोक एका नावाखाली सरकलेलं.

मावशींनी दार ढकललं. बोलायला श्वासच नव्हता. त्यांनी हात वर केला, फोन हलवला.

पलीकडून फोन उचलला गेला होता. मावशींना तो आवाज स्पष्ट ऐकू आला. बाईचा आवाज, घाबरलेला, आशेने काठोकाठ भरलेला.

"हॅलो? हॅलो, मॅडम?"

"थांबा!" मावशींच्या तोंडून निघालं. "थांबा! घड्याळजी हो म्हणतायत!"

मॅडमनी कानाचा फोन हाताने झाकला. "कोण घड्याळजी? अकरा वाजले आत्ता. मी तासभर त्यांना... कुठे आहेत ते?"

"तुमच्या पायाखाली!" मावशी दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. "खाली, पहिल्या मजल्यावर. मशीनला जोडून पडलेत सकाळपासून."

"पण आज पाळी त्यांची नाही! मी तक्ता बघितला. म्हणून तर हॉलमध्ये विचारलंच नाही. बायकोचा नंबर लावला तर तो बंद..."

"तांदळात आहे तो."

"कशात?"

"मागाहून सांगते हो. आधी हो लिहून घ्या."

मॅडमनी यादीतल्या पहिल्या नावापुढे खूण केली. मग त्यांनी हात काढला आणि फोनमध्ये हळू, नीट शब्दांत सांगितलं, "ताई, ऐका. पहिल्या नंबरचे पेशंट आत्ताच मिळालेत. तुमच्या भावाचा नंबर दुसरा. तरीही तुम्ही निघा. रक्ताची तपासणी दोघांचीही करू. पहिल्यांचं जुळलं नाही तर तुमचं. हो. हो, लगेच."

मावशींनी मान खाली घातली. इतका वेळ 'त्यांचं जाऊ देऊ नकोस' म्हणत त्या पायऱ्या चढल्या होत्या. त्या पायऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक बहीण फोन धरून उभी आहे, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी तिच्यासाठीही हात जोडले. काय मागावं ते कळेना, म्हणून काहीच न मागता नुसतेच जोडले.

मॅडम एव्हाना उठून चपला शोधत होत्या. "आज डायलिसिस झालंय म्हणालात ना? किती तास?"

"चार होतील आता."

"अहो, मग तर सोन्याहून पिवळं! ऑपरेशनआधी ते करावंच लागलं असतं. चला, चला. सकाळी काय खाल्लंय त्यांनी? आणि यापुढे पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, सांगा कुणीतरी खाली!"

*

घड्याळजींची बायको इंजेक्शनची पिशवी घेऊन वर आली, तेव्हा सहा नंबरच्या बेडभोवती सहा माणसं उभी होती. तिच्या हातातली पिशवी गळून पडली.

"काय झालं यांना?"

"झालं काही नाही," छोटे डॉक्टर म्हणाले. दहा नंबरच्या आजी आता डोळे उघडून सगळी मजा बघत होत्या. "झालं नाही, होणार आहे!"

"काय होणार आहे?"

"अगं, नवा पार्ट मिळतोय," बेडवरून आवाज आला. "जुन्या घड्याळाला. बस खाली आधी. तूच पडशील."

ती बसली नाही. तिने नवऱ्याचा मोकळा हात दोन्ही हातांत धरला आणि त्याच्यावर कपाळ टेकवलं. तोवर कुणी रक्ताच्या बाटल्या भरत होतं, कुणी सह्यांचे कागद पुढे करत होतं. मॅडम खिडकीपाशी उभ्या राहून एकाच वेळी तीन माणसांशी बोलत होत्या. बेड नंबर दोनवरून कुणी विचारलं, "कुणाला मिळाली?" आठवरून उत्तर आलं, "घड्याळजींना!" आणि नळ्या लावलेली, हात हलवता न येणारी माणसं आपापल्या जागी पडून तोंडाने टाळ्या वाजवू लागली. टक टक टक. हॉलभर.

"शांत राहा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. पण आज कुणी ऐकलं नाही, आणि त्यांनीही दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

तपासणीचा निकाल चार वाजता येणार होता. मावशींची ड्यूटी दोनला संपली. त्या गेल्या नाहीत. बोळातल्या बाकावर वहिनींच्या शेजारी बसल्या. एक गोष्ट त्यांना गिळवत नव्हती.

"वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्यापासून काय लपवू? फोन पन्नास मिनिटं वाजत होता. मी ऐकत होते. बघितला नाही. एकदा तर कडेला आला तेव्हा हाताने आत सारला."

वहिनींनी पदर सावरला.

"तुमच्या जागी मी असते तर मीही बघितला नसता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मावशींकडे तिरकं पाहिलं. "छे, खोटं कशाला बोलू? मी तर पहिल्या थरथरीलाच बघितला असता. मला सगळ्यांचे फोन बघायची वाईट खोड आहे. घरात सगळे कंटाळलेत."

मावशींना हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

समोरून छोटे डॉक्टर आणि मोठ्या सिस्टर वाद घालत येत होते. हा वाद वर्षभर चालू होता. आज त्याला धार होती.

"आता तरी पटलं ना सिस्टर? एक मिनिट. एक मिनिटाने हुकलं असतं. फोन त्यांच्या उशाशी असता तर?"

"उशाशी असता तर आत रेंज नव्हती. वाजलाच नसता. आणि त्या शाळेतल्या बाईंना जाऊन सांगा, पेशंटच्या उशाशी फोन हवेत म्हणून."

"एका नालायकासाठी सगळ्यांना शिक्षा?"

"एका फोनसाठी सगळ्यांची अब्रू?"

दोघेही बाकापाशी थांबले. "मावशी, तुम्ही सांगा," डॉक्टर म्हणाले. "फोन आत सोडायचे की नाही?"

मावशींना असं कुणी कधी विचारलं नव्हतं. त्या पदराशी चाळा करत राहिल्या.

"कॅमेरा आत नको, साहेब," शेवटी त्या म्हणाल्या. "मी त्या बाईंचे कपडे सावरलेत. ते मला विसरता येत नाही. पण फोन पालथा ठेवायचा आणि आपणही तोंड फिरवून बसायचं, हे चुकलं. ती माझी सोय होती, मी तिला नेम म्हणत होते. उद्यापासून प्रत्येकाला विचारेन, कुणाच्या फोनची वाट बघताय का? जो हो म्हणेल त्याचा फोन माझ्या मांडीवर, उताणा. वाजला की आत निरोप. आणि पाळी बदलली तर ती वर लिहून गेली पाहिजे, सिस्टर. तोंडी नाही."

"मांडीवर किती मावतील?" डॉक्टरांनी विचारलं.

"आजवर साठ सांभाळले की."

सिस्टर हसल्या नाहीत, पण "लिहून द्या मला हे," म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून ही शाबासकीच होती. डॉक्टर मात्र मान हलवत गेले. त्यांना ते पुरेसं वाटलं नव्हतं, आणि मनातून मावशींनाही कळत होतं की हा वाद इथे संपणारा नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी मॅडम जिन्यावरून धावत उतरल्या. चेहऱ्यावरूनच कळलं.

"जुळलं!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहालाच मावशी आल्या. रात्रभर त्यांनी कूस बदलली होती. ऑपरेशन संध्याकाळी सुरू झालं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. बोळातल्या बाकावर वहिनी बसल्या होत्या, डोळे दाराकडे लावून.

"झालं म्हणाले व्यवस्थित," वहिनी म्हणाल्या. "पण आता ती कामाला लागते की नाही ते बघायचं म्हणे. कधी कधी नवी किडनी रुसून बसते. आठवडाभरसुद्धा. जुनी तर काय, थेंब पडत नव्हता तीन वर्षं."

मावशी त्यांच्या शेजारी टेकल्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले.  बोळात झाडू फिरत होता.

आणि मग दार धाडकन उघडलं. ज्यांनी वीस वर्षं या इमारतीत "आवाज कमी" याखेरीज वाक्य उच्चारलं नव्हतं, त्या मोठ्या सिस्टर दारात उभ्या होत्या. हातात मापाचं भांडं, टोपी वाकडी झालेली.

"लघवी झाली!" त्या ओरडल्या.

बोळाच्या दुसऱ्या टोकाला झाडू थांबला.

"किती?" छोटे डॉक्टर कुठल्याशा खोलीतून तोंडात ब्रश तसाच धरून बाहेर आले.

"ऑपरेशनच्या टेबलावरच सुरू झाली होती! आणि आत्तापर्यंत अडीच लिटर! अहो, नळ सोडल्यासारखी! पिशवी बदलता बदलता आमची धांदल उडालीय!"

"अडीच लिटर!" डॉक्टरांनी ब्रश हवेत उंचावला. झाडूवाली बाई टाळ्या वाजवू लागली. जिन्यावर चहाची किटली घेऊन उभा असलेला माणूस "काय झालं, मुलगा की मुलगी?" म्हणून विचारू लागला, आणि सगळे एकदम त्याला सांगू लागले, "लघवी! लघवी झाली!"

वहिनी उठून उभ्या राहिल्या. हसत होत्या, रडत होत्या, आणि मध्येच तोंडावर हात घेत होत्या, कारण नवऱ्याच्या लघवीवरून अख्खा मजला नाचतोय हे लाजेचं की आनंदाचं, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"शुद्धीवर आलेत," सिस्टरांनी आवाज थोडा खाली आणला. "आत्ताच बोलले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आता बेड सोडून एकदा स्वतःच्या पायांनी जाऊन करायचीय. तीन वर्षांत केली नाही." सिस्टरांनी डोळ्यांच्या कडा मनगटाने पुसल्या. "मी म्हटलं, अजून दोन दिवस थांबा. तर म्हणतात कसे, सिस्टर, चार वर्षं थांबलो, आता एक मिनिट थांबणार नाही!"